पदवीच्या पहिल्या वर्षातील वीज, चुंबकत्व आणि प्रकाश : १९६० ते २००३

अमेरिकी विद्यापीठांत पदवीच्या आरंभी शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्रात १९६० नंतरच्या चार दशकांत दोनदा मोठे फेरबदल झाले. पहिल्या खेपेस विषयाची मांडणी बदलली, तर दुसऱ्या खेपेस त्या मांडणीतून विद्यार्थ्याला नेमके काय उमगते याची तपासणी सुरू झाली. वीज, चुंबकत्व आणि प्रकाशकी या भागांत हा फरक विशेष ठळकपणे दिसतो, कारण यांत्रिकीतला चेंडू वा गाडी डोळ्यांना दिसते, परंतु विद्युतक्षेत्र, म्हणजे एखाद्या ठिकाणी ठेवलेल्या एकक भारावर किती आणि कोणत्या दिशेने बल पडेल हे सांगणारी राशी, केवळ तिच्या परिणामांवरून ओळखावी लागते.

रॉबर्ट रेस्निक आणि डेव्हिड हॅलिडे यांचे १९६० साली निघालेले पाठ्यपुस्तक या काळाचा पाया म्हणता येईल. पुढे भारतात, महाराष्ट्रातही, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या टेबलावर ते पोहोचले. त्यातील क्रम ढोबळमानाने इतिहासाचाच होता : आधी स्थिर भारांमधले कूलंबचे बल, मग क्षेत्र, विभव आणि विद्युतमंडले, त्यानंतर धारेमुळे निर्माण होणारे चुंबकत्व, बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उत्पन्न होण्याची फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेली प्रवर्तनाची क्रिया, आणि सरतेशेवटी मॅक्सवेलची समीकरणे व प्रकाश. हा क्रम सोयीचा होता, पण त्यामुळे प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे ही विषयातली सर्वांत मोठी गोष्ट वर्षाच्या अखेरीस, घाईत सांगितली जाई.

रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दिलेल्या व्याख्यानांत हा क्रम धीटपणे मोडला. मॅक्सवेलच्या समीकरणांची वाट न पाहता पहिल्याच वर्षी त्यांनी त्वरणित भारापासून दूर अंतरावर निर्माण होणाऱ्या क्षेत्राचे सूत्र सिद्धतेशिवाय मांडले आणि त्या एका सूत्रावर व्यतिकरण, म्हणजे लहरींनी एकमेकींना वाढवणे वा मिटवणे, आणि विवर्तन, म्हणजे कडेपाशी वा फटीतून जाताना लहरींचे पसरणे, या दोन्ही घटनांचे विवेचन उभारले. काचेत प्रकाश मंद का होतो याचे त्यांचे स्पष्टीकरणही याच सूत्रावर आधारलेले आहे : काचेतील इलेक्ट्रॉन येणाऱ्या लहरीमुळे दोलायमान होऊन स्वतःच्या लहरी बाहेर टाकतात आणि मूळ लहरीची त्यांच्याशी बेरीज झाली की शिखरे मागे सरकल्यासारखी दिसतात. इतके सुंदर विवेचन पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. मात्र परीक्षेतील बहुसंख्य विद्यार्थ्यांची कामगिरी पाहता हा प्रयोग फसला, असा निराशेचा सूर खुद्द फाइनमन यांनीच प्रस्तावनेत लावला आहे, आणि या ग्रंथांचे चाहते ती पाने सहसा वगळूनच पुढे जातात.

एडवर्ड पर्सेल यांनी बर्कले मालिकेसाठी लिहिलेला, १९६५ साली प्रसिद्ध झालेला खंड अधिकच मूलगामी होता : त्यात चुंबकत्व विशिष्ट सापेक्षतेतून काढून दाखवले होते. तारेतील इलेक्ट्रॉन घरगुती धारेतही सेकंदाला मिलिमीटरपेक्षा कमी अंतर सरकतात. तरीही त्यांच्या गतीला विशिष्ट सापेक्षता लावली आणि गतीमुळे भार बदलत नाही एवढे गृहीत धरले, तर तारेला समांतर धावणाऱ्या भाराच्या दृष्टीने तारेतील धन व ऋण भारांची घनता किंचित असमान ठरते. प्रयोगशाळेत ज्याला चुंबकीय बल म्हटले जाते, ते त्या भारासोबत धावणाऱ्या निरीक्षकाला विद्युत बल म्हणून दिसते. सापेक्षतेचा हा अतिसूक्ष्म परिणाम मोजता येतो, कारण विद्युत बल प्रचंड असते आणि तारेत ते एरवी जवळजवळ तंतोतंत समतोल राखून असते. (पर्सेल यांनी यासाठी गाउसीय एकके वापरली, प्रयोगशाळेत व्होल्ट आणि अँपिअर मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना ती जाचली असल्यास नवल नाही.)

या दोन्ही ग्रंथांमागे एक न तपासलेली समजूत होती, ती म्हणजे मांडणी पुरेशी स्वच्छ असली की आकलन आपोआप होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला धक्का दिला, आणि तोही अगदी साध्या साधनांनी. फ्रेड गोल्डबर्ग यांच्यासह त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहिर्गोल भिंगाचा अर्धा भाग झाकल्यास पडद्यावरील प्रतिमेचे काय होईल, असे विचारले होते. भिंगाची सूत्रे शिकून झालेल्या अनेकांनी अर्धी प्रतिमा नाहीशी होईल असे सांगितले. वास्तविक वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सर्व भागांतून जात असल्याने प्रतिमा पूर्ण राहते, फक्त अंधूक होते. येथे दोष पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांकडे जातो, कारण प्रतिमेची जागा काढण्यापुरते दोन-तीन सोयीचे किरण रेखाटले की प्रतिमा त्या किरणांचीच बनलेली असते असा ग्रह होतो.

याच गटाचा विद्युतमंडलांबाबतचा १९९२ चा निष्कर्ष याहून बोचरा होता. सारखे पाच दिवे घेतलेले : एक एकटा, दोन एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग, आणि दोन समांतर जोडणीत, आणि प्रत्येक मंडलाला सारखीच आदर्श बॅटरी, दिव्यांचा तेजस्वितेनुसार क्रम लावायचा. एकटा दिवा आणि समांतर जोडणीतले दोन्ही दिवे सारखेच उजळ, तर एकसर जोडणीतले दोन मंद, हे उत्तर कलनशास्त्रावर आधारित अभ्यासक्रमातील सुमारे १५ टक्के विद्यार्थ्यांनाच देता आले. बॅटरी नेहमी ठरावीक धारा पुरवते आणि दिवा ती खर्चून टाकतो, या दोन कल्पना किर्खहॉफचे नियम शिकूनही त्यांच्या मनात टिकून होत्या. हार्वर्डमधील एरिक माझूर यांनाही असाच अनुभव आला, आणि १९९१ पासून त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून संकल्पनेवरचा प्रश्न विचारण्याची, शेजाऱ्याशी वाद घालून उत्तर पुन्हा नोंदवण्याची पद्धत रूढ केली.

व्हॉयेजर यानांवरील प्लाझ्मा उपकरणाचे काम पाहणारे जॉन बेल्चर यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वीज-चुंबकत्वाचा अभ्यासक्रम व्याख्यानगृहातून काढून नऊ-नऊ जणांच्या गोल टेबलांभोवती नेला. तेथे प्रयोग, चर्चा आणि पडद्यावरील क्षेत्ररेषांची चलचित्रे एकत्र आली. ही पद्धत २००३ मध्ये मोठ्या तुकड्यांना लागू होताच जुनी पद्धत परत आणा, असा अर्ज विद्यार्थ्यांनीच केला, तर पुढच्या अभ्यासात अनुत्तीर्णांचे प्रमाण घटल्याचे आणि संकल्पनांच्या चाचणीतील प्रगती वाढल्याचे आढळले. अर्थात खोली, प्रयोग, चर्चा आणि चित्रे हे सारे एकदमच बदलल्याने त्या सुधारणेत क्षेत्ररेषांच्या चलचित्रांचा वाटा किती आणि शेजाऱ्याशी घातलेल्या वादाचा किती, हे केवळ त्या तुलनेवरून वेगळे काढता येत नाही.