नवापैकी नऊ

१ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी झेरॉक्सच्या दुकानात नोट्सच्या रांगेत दिसू लागले, आणि शिक्षकांचा स्वतःवरचा भरवसा मोजणारी ती प्रश्नावली आठवली.

तिचं पूर्वपुराण थोडक्यात आटोपतो. १९७७मध्ये बांडुरांचा स्वक्षमतेचा सिद्धान्त, १९८४मध्ये गिब्सन-डेम्बोंची तीस विधानं. मग २००१मध्ये चॅनन-मोरान आणि वुलफोक हॉय यांची अमेरिकेतली २४ प्रश्नांची, नऊ बिंदूंची मापनी आली आणि जगभर तिचीच चलती झाली.

आमच्याकडे प्रबंधांमध्ये तिचा सुकाळ २०१०नंतर. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांच्या सह्या. मग शिक्षण परिषदेत जेवणाआधी वाटप. गठ्ठा केंद्रप्रमुख गोळा करणार म्हटल्यावर चारावर खूण कोण करणार? कुणी वरपासून खालपर्यंत आठ, कुणी नऊ. अशी उत्तरं एकमेकांशी जुळणारच, आणि क्रॉनबाक अल्फा तेवढाच मेळ मोजतो. आकडा ०.९च्या वर गेला की गाइड खूश, मापनी ‘प्रमाणित’.

द्विशिक्षकी शाळेतल्या एक बाई मात्र वर्गातला गोंधळ किती आवरता येतो, या प्रश्नाशी अडल्या. “सर, कुठल्या वर्गाचं लिहू? दुसरे गुरुजी ‘सरल’ची माहिती भरायला गेले की पहिली ते चौथी माझ्याकडंच असते.” एका वर्गाला एक शिक्षक हे प्रश्नावलीनं गृहीतच धरलं होतं. बाईंनी शेवटी नऊ लिहिलं.

२००९मध्ये क्लासन आणि सहकाऱ्यांनी पाच देशांत ही मापनी तपासली; तो संदर्भ प्रत्येक प्रबंधात असायचा. पण घटकांची रचना जुळली म्हणून सरासऱ्यांची तुलना करता येतेच असं नाही, हे कुणी पुढं वाचलं नाही. शिक्षकांच्या २०१३च्या ‘टॅलिस’ या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात, मुलांना ‘तुला जमेल’ असा विश्वास देता येतो म्हणणारे शिक्षक सरासरी ८६ टक्क्यांच्या आसपास होते, जपानमध्ये जेमतेम १८. जपानी मुलं तर ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत वरच्या रांगेत! आमचे प्रबंध मात्र मराठी शिक्षक अमेरिकन शिक्षकाहून आत्मविश्वासू ठरवून मोकळे.

खरं तर दहा-बारा शिक्षकांना शेजारी बसवून, प्रश्न वाचताना मनात काय येतं ते बोलतं करायचं होतं. दोन दुपारचं काम. पण गाइडना विद्यार्थी मार्गी लावायचे होते, आणि विद्यार्थ्यांना वेतनवाढ हवी होती.