तांबडे फुटण्यापूर्वी

डॉक्टरच्या घरी पहाटे चार वाजता दूरध्वनी खणखणला, तर तो सहसा शुभवार्ता घेऊन येत नाही. प्रसूतितज्ज्ञ मित्रांनी क्षमा करावी. त्यांचा अपवाद मला मान्य आहे. आम्हा फिजिशियन मंडळींच्या वाट्याला मात्र त्या वेळी छातीतली कळ, धाप, नाही तर अंथरुणातून उठता उठता एक हात लुळा पडलेले कुणाचे तरी वडील, हेच येते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरात अधिक येतात, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९८५ साली आकडेवारीनिशी दाखवले. पण आपल्यापैकी कोणत्याही गावडॉक्टरला ते त्याच्या आधीही ठाऊक होते. व्यवसायाची पहिली काही वर्षे पहाट म्हणजे माझ्या लेखी एक धास्ती होती.

म्हणूनच १९९८ साली मी एक जुना फिल्म कॅमेरा घेतला आणि स्वतःच्या इच्छेने पहाटे उठू लागलो, तेव्हा घरच्यांना माझ्या प्रकृतीचीच शंका आली. माझा जन्म पेडण्याचा, व्यवसाय डिचोलीचा. त्यामुळे आठवड्यातले दिवस मयेच्या तळ्याकाठी आणि रविवार पेडण्याकडे, अशी माझी विभागणी आपोआपच ठरली.

या छंदाला आपल्या गोव्यात एक सवलत आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आणि आपण चौऱ्याहत्तरच्या आसपास. साहजिकच आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे पस्तीस मिनिटे मागे असतो. जानेवारीच्या उत्तरार्धात तर तो सात वाजून गेल्यावर दर्शन देतो. परंतु उगवता सूर्य हे छायाचित्रकाराचे खरे उद्दिष्ट नव्हेच. खरी मौज त्याआधीच्या वीस-बावीस मिनिटांत असते. आपल्या अक्षांशावर हा संधिप्रकाश तसा घाईचाच. तेव्हा काळोखातच जागेवर पोहोचावे, स्टँड उभा करावा आणि विजेरी बंद करून बसावे. डोळ्याला अंधार पूर्णपणे सरावायला अर्धा तास लागतो, हे आपण शरीरक्रियाशास्त्रात पाठ केले होते. मला त्याचा अर्थ मयेला समजला. आधी केवळ आवाज असतात. मग पाण्याची कड उमटते, आणि काही वेळाने जे काळे ठिपके आपण दगड समजत होतो, ते अडई बदके निघतात.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, ही गोव्यातील प्रत्येक छायाचित्रकाराची तक्रार. मला ती कधीच भेडसावली नाही. औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षानुवर्षे साठवत आलो आहे. वैद्यकीय व्यवसायाचा एवढा तरी फायदा असावा!

हृदयातील पुर्किंजे तंतूंची नावे घेऊन आपण परीक्षा उत्तीर्ण झालो. त्याच पुर्किंजे महाशयांनी १८१९ साली आणखी एक गोष्ट हेरली होती. भर दिवसा लालभडक दिसणारी फुले पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि त्यांची पाने मात्र तुलनेने उजळ भासतात. अंधुक प्रकाशात दृष्टिपटलातील शंकुपेशी मागे पडतात, दंडपेशी काम करू लागतात आणि त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. कॅमेऱ्याला ही मर्यादा नाही. तळ्यावर जाण्याच्या वाटेवरची झाडे मी पहाटे कितीदा तरी टिपली. डोळ्यांना ती करडी, शांत, जणू धुक्यात न्हालेली दिसत. रोल धुऊन आल्यावर पाहिले, तर पानापानावर तांबड्या धुळीचा थर. खनिजाच्या ट्रकांची ती धूळ मी रोज दिवसा पाहत होतो, दवाखान्यात खोकल्याच्या रूपाने ऐकतही होतो. पहाट तेवढी निर्मळ आहे, अशी माझी समजूत होती. ती कॅमेऱ्याने मोडली.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या. त्या हिवाळ्यातील माझी छायाचित्रे आजही संग्रहात वेगळी ओळखू येतात. धुळीचे मोठे कण सगळेच रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुळकट आभाळातील पहाट गढूळ दिसते. धूळ बसली की केशरी, जांभळा, निळा असे पदर सुटे होतात. मी हर्षभरित झालो होतो. आणि त्याच दिवसांत दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या आसपास, दोन ट्रकांचे मालक. पूर्वी खोकल्यासाठी येत. या वेळी छाती स्वच्छ होती. “दोतोर, न्हीद पडना,” एवढेच ते म्हणाले. दोन्ही ट्रक अंगणात उभे, बँकेचे हप्ते चालू. त्या वर्षी असे कितीतरी चेहरे समोर येऊन बसले. माझ्या भिंतीवरची चित्रे जितकी उजळली, तितके बाकावरचे चेहरे काळवंडले, हे मला लपवता येणार नाही. खाणी असाव्यात की नसाव्यात, यावर या स्मरणिकेचे वाचक हिरीरीने वाद घालू शकतील. मी दोन्ही बाजूंचे रुग्ण तपासले आहेत, त्यामुळे माझा आवाज त्यात बारीकच राहतो.

गोळी लिहून देण्याऐवजी मी त्यांना म्हटले, तीन वाजता जाग येतेच आहे, तर पाचला माझ्याबरोबर मयेला चला. ते आले. स्टँड धरायला शिकले, आणि पक्षी माझ्याआधी दिसू लागले. ट्रक चालवणाऱ्याची नजर ती! झोप हळूहळू सुधारली. तळ्याने की काळाने, हे मी सांगू शकणार नाही. २०१५ मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांचे येणे थांबले. २०१८ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. काही दिवसांनी पहाटे पाहतो, तो तळ्याकाठी गृहस्थ माझ्याआधी हजर.

या छंदापायी माझ्याकडून एक चूकही घडली. एका पहाटे खंड्याच्या नादात भ्रमणध्वनी गाडीतच विसरलो. परत आलो, तो सात वेळा घंटी वाजून गेलेली. माझ्याच रुग्णाला झटका आला होता. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने धावत जाऊन त्याला सांभाळले आणि इस्पितळात पोहोचवले. रुग्ण वाचला, माझ्यामुळे नव्हे. त्या खंड्याचे चित्र उत्तम आले होते. मी ते कुणाला दाखवले नाही.

रविवारी मात्र पेडणे. मोरजीच्या किनाऱ्यावर सूर्य पाठीमागून, माडांआडून उगवतो आणि पहिले ऊन फेसाच्या कडेवर पडते. हिवाळ्यात तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिले बहुधा रात्री किंवा उजाडण्यापूर्वी बाहेर पडतात आणि उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्र गाठतात. चुकीचा दिवा त्यांना चुकीच्या दिशेला नेतो, म्हणून तेथे झगझगाट करायचा नसतो. पिलांचे एकही चांगले छायाचित्र माझ्याजवळ नाही, याचे मला दुःख नाही.

दुःख मोप्याच्या सड्याचे आहे. पावसाच्या अखेरीस जांभ्यावरच्या पातळ मातीत सीतेच्या आसवांची जांभळी-निळी साय पसरे. फुरशाच्या भीतीने गमबूट घालून मी एका ठरावीक खडकाशी उभा राही आणि पूर्वेची सह्याद्रीची रेषा टिपे. २००३ पासून दर भाद्रपदात एक चित्र, असा नेम होता. मग विमानतळाचे काम आले. पठारावरील धनगर कुटुंबांना अन्यत्र वसवण्यात आले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना स्थगित केला, २०२० च्या जानेवारीत ती स्थगिती उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. माझा खडक नेमका कोठे होता, हे आता मलाही दाखवता येणार नाही. सौंदर्यासाठी काढलेली ती चित्रे पुरावा होतील, असे काढताना मनातही नव्हते. तसे असते तर अधिक काळजीने, तारीख-वार लिहून काढली असती. मुलीकडे जायचे झाले की मीही तेथूनच विमान धरतो, हेही सांगितले पाहिजे.

२०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली. माझ्या सोबत्याचे ट्रक तोवर विकले गेले होते. त्यांचा मुलगा आता मोप्याच्या विमानतळावर भाड्याची गाडी चालवतो. गेल्या डिसेंबरात रात्रपाळी संपवून त्यानेच वडिलांना पाचच्या सुमारास मयेला आणून सोडले आणि गाडीतच झोपी गेला. आम्ही दोघे काठावर बसलो. वाटेवरची झाडे नेहमीसारखी करडी दिसत होती. मी एक चित्र घेतले; त्यांनी वाकून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “तांबडें आयलें?”

अजून पुरेसा उजेड नव्हता. स्टँड त्यांच्या हाती देऊन मी भ्रमणध्वनी खिशात आहे ना, हे चाचपून पाहिले.