रुईचा चीक आणि हृदयाचा पंप

दर शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला येतात. ज्या झाडाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, तेच झाड आपण देवाला वाहतो. खत नको, पाणी नको. माळरान असो वा रस्त्याकडेची खडी, भर वैशाखातही रुई हिरवीगार उभी असते. कुंपणाचीही तिला गरज नाही. तिचे कुंपण तिच्या अंगातच आहे.

झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. रुईचे पान तुटले की नलिकांमध्ये दाबाखाली असलेला पांढरा चीक क्षणात बाहेर येतो आणि हवेत घट्ट होऊ लागतो. पान कुरतडणाऱ्या लहान किड्याचे तोंड त्यात चिकटून बसते. ही संरक्षणाची पहिली फळी. माणसालाही ती जाणवते, पण फार उशिरा. फुले-पाने तोडताना चीक डोळ्यात उडाला तर दृष्टी धूसर होते, मात्र वेदना बेताचीच असते. त्यामुळे रुग्ण एक-दोन दिवस वाट पाहतो. तोवर नेत्रपटलाच्या आतल्या बाजूच्या पेशींना इजा झालेली असते, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा तत्काळ धुणे आणि नेत्रतज्ज्ञाकडे जाणे, यात चालढकल परवडणारी नाही.

दुसरी फळी अधिक सूक्ष्म आहे. या चिकात कॅलोट्रोपिनसारखी कार्डियाक ग्लायकोसाइड्स असतात. रुईच्याच कुळातील कण्हेरीत ओलिअँड्रिन असते, पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, थेवेटिन असते. आणि दूरच्या एका कुळातील युरोपीय डिजिटालिसमध्ये आपले चिरपरिचित डिजॉक्सिन. आपल्या पूर्वजांना या गुणाची पुरती ओळख होती. कण्हेरीचे एक संस्कृत नाव ‘अश्वमारक’ असे आहे. घोडा मारणारे हे झाड आपण हौसेने अंगणात लावतो, ही गोष्ट वेगळी.

या साऱ्या विषांचा नेम एकाच ठिकाणी असतो: प्राण्यांच्या पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंपावर. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अशी त्याची अखंड ये-जा चालते. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ साली त्याचा शोध प्रसिद्ध केला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की हा पंप रुई-कण्हेरीसारख्या वनस्पतींत नसतोच. शत्रूच्या घरात हमखास असलेले आणि आपल्या घरात मुळीच नसलेले लक्ष्य निवडण्याची ही निसर्गाची हातोटी पाहिली, की प्रतिजैविकांच्या संशोधकांनाही हेवा वाटावा.

तरीही रुईचे पान खाणारा कोणीतरी निघतोच. प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईवर खुशाल चरते. या गोत्रातील अळ्या पानाची शीर आधी कुरतडून चिकाचा प्रवाह तोडतात आणि मग पलीकडचा भाग खातात. पहिली फळी अशी मोडते. दुसऱ्या फळीचे उत्तर याच गोत्रातील अमेरिकेच्या मोनार्क फुलपाखरात सापडले. त्याच्या पंपातील विष चिकटण्याच्या जागेजवळची मोजकी अमिनो आम्ले बदललेली आहेत. त्यातील १२२ क्रमांकाच्या जागेवरचा तोच बदल भुंगे, ढेकणांच्या गोत्रातील किडे अशा अगदी दूरच्या कीटकांतही स्वतंत्रपणे झालेला २०१२ मध्ये दिसून आला. २०१९ साली शास्त्रज्ञांनी असे तीन बदल फळमाशीत मुद्दाम घडवून आणले, तेव्हा ती माशीही हे विष पचवू लागली.

मोनार्क नुसता वाचत नाही, तर झाडाचे विष अंगात साठवून आपले शस्त्र करतो. लिंकन ब्राउअर यांनी १९६० च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना असे मोनार्क खाऊ घातले. पक्ष्यांना सडकून उलट्या झाल्या आणि नंतर त्यांनी त्या रंगाकडे पाहणेही टाळले. पण इथेही शेवटचा शब्द कोणाचाच नाही. मेक्सिकोत थंडीत विसावलेल्या मोनार्कांवर ताव मारणारा ग्रोसबीक नावाचा पक्षी आहे. त्याच्याही पंपात यापैकी काही जागांवर बदल असल्याचे २०२१ मध्ये आढळले. आपल्याकडे कण्हेरीवर वाढणारे कॉमन क्रो फुलपाखरू मात्र निराळ्या वाटेने जाते. त्याचा पंप या विषाला चांगलाच संवेदनशील असतो. तरी त्याची अळी कण्हेर खाते, विष अंगात साठवीत नाही.

माणसाला यातले काहीच लाभलेले नाही. आपल्या हृदयाचा पंप या रेणूंपुढे उघडा आहे, आणि म्हणूनच तो रेणू आपल्याला औषध म्हणूनही लागू पडतो. पंप थोडा मंदावला की पेशीत सोडियम वाढते, पाठोपाठ कॅल्शियम वाढते, आकुंचन जोरकस होते. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटालिसवर पुस्तक लिहिले, तेव्हा यातले काही माहीत नव्हते. डोसाबद्दलची सावधगिरी मात्र त्यांनी तेव्हाच शिकवली होती. मूत्रपिंड जरा थकले, पोटॅशियम जरा उतरले, की औषधाचे विष व्हायला वेळ लागत नाही.

बिट्टीच्या बियांची विषबाधा श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात आजही जीव घेते. नाडी मंद, उलट्या, ईसीजीवर हृदय-अवरोध आणि रक्तात वाढलेले पोटॅशियम, हे चित्र डिजॉक्सिनच्या अतिमात्रेसारखेच असते. रक्तातील डिजॉक्सिनची तपासणी येथे होकारार्थी येऊ शकते, पण त्या आकड्यावरून विषाचे प्रमाण ठरवू नये. मेंढीच्या शरीरात डिजॉक्सिनविरुद्ध तयार करवून घेतलेली प्रतिपिंडे या विषबाधेतील घातक लयबिघाडांवर उपयोगी पडतात, हे श्रीलंकेतील २००० सालच्या चाचणीने दाखवले. ती फार महाग आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत हाताशी नसतात. तिथे ॲट्रोपिन, तात्पुरता पेसमेकर, पोटॅशियमवर लक्ष आणि मॉनिटरजवळ रात्रभर जागणारा डॉक्टर, एवढ्यावरच भिस्त असते.