दुसरं यंत्र कुठे आहे?

कोल्हापूरच्या उद्योगांवर लिहायचं म्हणून संपादकांनी मला शिवाजी उद्यमनगरात धाडलं. फौंड्रीवर लिहिणार होतो, पण ऑर्डरी आणि बिलांचे संगणक सांभाळणाऱ्या एका अभियंत्यापाशीच थांबलो. त्याची यंत्रं कोल्हापुरात नाहीतच, पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउड केंद्रं उघडली. ॲमेझॉन 2016 मध्ये मुंबईत आलं.

ही यंत्रं आभासी. एका मोठ्या सर्व्हरवर असे अनेक संगणक नांदतात. मग सर्व्हरचीच दुरुस्ती निघाली तर? त्यासाठीची युक्ती, लाइव्ह मायग्रेशन, मला विलक्षण वाटली. यंत्र चालू असतानाच त्याच्या मेमरीची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर जाते. तोवर मेमरीची काही पानं बदलतात. तेवढीच पुन्हा पाठवतात. फरक अगदी थोडा उरला की यंत्र क्षणभर थांबवायचं, शेवटची पानं न्यायची आणि पलीकडे चालू करायचं. खंड बहुधा काही सेकंदांचाच. बिल करणाऱ्याला कळतही नाही.

"पण मशीन पडणारच की," अभियंता म्हणाला. "पडल्यावर काय करायचं, ते आधी ठरवून ठेवायचं."

सर्व्हर अचानक बंद पडला, तर नक्कल करायला वेळच नसतो. आभासी यंत्र दुसरीकडे नव्याने सुरू होतं आणि मेमरीतलं न साठवलेलं काम जातं. म्हणून यंत्रं दोन हवीत, आणि वीज, शीतकरण, नेटवर्क वेगळं असलेल्या दोन झोनमध्ये हवीत. मायक्रोसॉफ्ट चांगल्या डिस्कच्या एकट्या यंत्राला 99.9 टक्के हमी देते, म्हणजे महिन्याला सुमारे 43 मिनिटं बंद चालतं. दोन झोनमधल्या जोडीला 99.99 टक्के, म्हणजे जेमतेम 4 मिनिटं.

काळजी इथेच आहे. जोडीचा खर्च दुप्पट, म्हणून लहान कारखानदार एकावरच भागवतो. कुणी दुसरं घेतलंच, तर डेटाबेस मात्र एकच ठेवतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूरने सगळं एकाच धोक्याच्या तोंडी असण्याची किंमत पाहिली आहे. नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि पुराने वेढलेल्या शहराचे नळ कोरडे पडले. सगळे पंप एकाच संकटाच्या वाटेवर असतील, तर त्यांची संख्या कामाला येत नाही.

कारखानदारांनो, पावसाळ्याआधी एकदा पहिलं यंत्र मुद्दाम बंद करून पाहा. दुसऱ्यावर बिल निघालं, तरच तुमची सोय खरी.