डासांना औषधाची सवय होते का?

डोंबिवलीच्या गल्लीत धुराची गाडी फिरून जाते, घरात लिक्विडचं मशीन चालू असतं, तरी रात्री कानाशी गुणगुण थांबत नाही. यामागच्या कारणांपैकी एक आहे सूक्ष्म-उत्क्रांती, म्हणजे एकाच प्रजातीत पिढ्यान्‌पिढ्या होणारा छोटा बदल. तिच्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : डासांना औषधाची सवय होते.
वस्तुस्थिती : डास प्रतिकार शिकत नाही, तो घेऊनच जन्मतो. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं डासाच्या मज्जापेशींतली सोडियमची वाट उघडीच ठेवतात. डास झटके येऊन कोसळतो. काही डासांत जनुकातल्या छोट्या बदलामुळे त्या वाटेवर औषध नीट चिकटत नाही. बाकीचे मरतात, हे वाचतात आणि पुढच्या पिढीत यांचीच संतती वाढते.

गैरसमज : उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात.
वस्तुस्थिती : नव्या प्रजातीला बहुधा खूप काळ लागतो, पण एका प्रजातीतल्या बदलाला काही वर्षं पुरतात. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणजे वर्षभरात कित्येक पिढ्या. देशात डीडीटीची मोठी फवारणी 1953 पासून झाली. 1965 मध्ये हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले, 1976 मध्ये मात्र 64 लाखांवर गेले. मोहिमेतली ढिलाई होतीच, पण डासांतला प्रतिकारही त्याचं एक कारण होता.

गैरसमज : औषधाला दाद न देणारे डास ही नवीच जात आहे.
वस्तुस्थिती : नाही. गटाराच्या पाण्यातला क्युलेक्स, पिंपातला एडिस, गच्चीवरच्या टाकीतला अ‍ॅनाफिलिस, सगळे तेच आहेत. बदललंय ते प्रतिकारक जनुकाचं प्रमाण.

गैरसमज : औषध बदललं की काम झालं.
वस्तुस्थिती : बाटलीवरचं लेबल वाचा. ट्रान्सफ्लुथ्रिन असो वा अ‍ॅलेथ्रिन, दोन्ही पायरेथ्रॉइडच. ब्रँड बदलला तरी मारा त्याच जागी होतो. डोस वाढवला, तर त्यातूनही तगणारेच मागे उरतात.

म्हणून ठाण्यातल्या बांधकामांवर, कल्याणच्या चाळींत आणि आपल्या गॅलरीतही आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा आणि कडा घासून काढा, कारण एडिसची अंडी कोरडी पडूनही काही महिने टिकतात. औषधाला दाद न देणारी अळीसुद्धा पाण्याशिवाय वाढू शकत नाही.