बोर्डाची जागा

अहेरीत डिझाईनचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मा दिवस दुकानाबाहेर. संगणकापुढची खुर्ची आहेच. पण शिडी, मापाची टेप, पक्कड, बारीक तारेची गुंडाळी आणि मोटारसायकल हीसुद्धा याच धंद्याची हत्यारं. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स, गाडीवरचं रेडियम, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, मंडळाचं पावतीपुस्तक हे सगळं एकाच माणसाकडे येतं. मला हा धंदा प्रिय आहे तो त्यामुळेच.

सकाळ मापं घेण्यात जाते. आलापल्ली रस्त्यावरचा एखादा दुकानदार फोनवर सांगतो, "भाऊ, आठ बाय तीनचा करून टाका ना." माप मिळालं तरी मी जातोच. दुकानासमोर उभं राहिलं की दिसतं, विजेची तार नेमकी बोर्डाच्या जागेवरून आडवी गेली आहे, शेजारच्याचा पत्रा पुढे आला आहे, दुपारचं ऊन थेट तिथेच पडतं. मग रस्ता ओलांडायचा आणि नजर त्या जागेवर ठेवून मागे मागे चालत जायचं. पाटीवाल्यांचा जुना हिशोब आहे: दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. शंभर फुटांवरून वाचायला दहा इंच. पण वर वेलांटी, खाली उकार अशी जागा धरली की देवनागरी अक्षराचा मधला भाग लहान होतो, म्हणून मी उंची थोडी वाढवतो. एसटीच्या खिडकीतून बोर्ड दोन-तीन सेकंदच दिसतो. तेवढ्या वेळात दुकानाचं नाव वाचता आलं पाहिजे. मालकाचं नाव, मोबाईल नंबर आणि देवाचा फोटो त्यानंतर.

इथल्या कामाची खरी गंमत लिप्यांत आहे. प्राणहिता ओलांडली की तेलंगण. वांगेपल्ली-गुडेम पुलावरून माणसं सोयरिकीला, बाजाराला ये-जा करतात. त्यामुळे एकाच लग्नाची पत्रिका वरपक्षाला मराठीत, वधूपक्षाला तेलुगूत लागते. मुलचेरा तालुक्यात पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची गावं आहेत. तिथल्या दुर्गापूजेचं काम बंगालीत. मराठीसाठी श्रीलिपी, तेलुगूसाठी अनु, अशी फॉन्टची वेगवेगळी पोतडी सांभाळावी लागते. त्याहून मोठं काम डोळ्यांचं. देवनागरी आणि बंगाली अक्षरं वरच्या रेषेला लटकतात. तेलुगू अक्षराला ती रेषा नाही. ते गोल असतं आणि त्याची जोडाक्षरं खाली उतरतात. दोन्ही ओळी एकाच मापात टाकल्या तर तेलुगूची खालची अक्षरं पुढच्या ओळीत घुसतात. म्हणून तेलुगू ओळीखाली अंतर जास्त सोडायचं, आणि शेवटी ती भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचं. तेवढ्यासाठी मी खुशाल नदीपलीकडे जातो.

वर्षही असंच फिरतं ठेवतं. १४ एप्रिलच्या फ्लेक्सचा निळा हा कसोटीचा रंग. पडद्यावर तो सुंदर दिसतो, पण मॅजेंटा जास्त राहिला तर छापल्यावर जांभळा होतो. म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा बराच खाली ठेवायचा आणि आधी हातभर तुकडा छापून, उन्हात नेऊन बघायचा. मे महिना लग्नांचा. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन. पुढे बतुकम्माचा सण, आणि २१ ऑक्टोबरला वीर बाबुराव शेडमाके यांचा शहादत दिन. इंग्रजांनी १८५८ साली चांद्यात फाशी दिलेला हा वीर याच अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचा. त्या दिवशीच्या फ्लेक्सवर अक्षर जरा जास्तच जपून बसवतो. एप्रिल २०२२ मध्ये सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर भरला, तेव्हा तर घाटांकडे जाणाऱ्या दिशादर्शक पाट्यांना मराठीइतकंच तेलुगूचं महत्त्व होतं.

फ्लेक्स टांगणं हे कमी दर्जाचं काम समजून पोरांवर सोडलं जातं. मला ते पटत नाही. आधी वरच्या कडेचा मधला आयलेट, म्हणजे तार ओवायचं कडीचं भोक, बांधायचा, मग दोन्ही बाजूंना सरकत जायचं, खालची कड सगळ्यांत शेवटी. कोपऱ्यांपासून सुरुवात केली तर मधे झोळ पडतो. थंडीच्या सकाळी ताठ बांधलेला फ्लेक्स उन्हाळ्यात सैल पडतो आणि वाऱ्यात फडफडून आयलेटपाशीच फाटतो. हे शिडीवर चढलं की कळतं, आणि पुढचं डिझाईन करताना कडेला मोकळी जागा आपोआप सुटते.

तरी माझं मन भिंतीत जास्त रमतं. फ्लेक्स म्हणजे शेवटी प्लॅस्टिक. कार्यक्रम संपला की कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. भिंत राहते. दोऱ्याला खडूची पूड लावायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायचा, की भिंतीवर सरळ पांढरी रेषा उमटते. त्या रेषेला धरून अक्षराचा सांगाडा काढायचा. ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर निथळायचा आणि उभी काठी एका दमात वरून खाली ओढायची. ती मनगटाने ओढली तर वाकडी जाते, खांद्यापासून ओढली तर सरळ येते. फूटभर उंचीचा 'अ' काढताना उठबस होते, मान वर जाते, पाय मागे सरतात, पुन्हा पुढे येतात. संगणकावर अक्षर ओढून मोठं करणं आणि ते अंगाने मोठं करणं यातला फरक ज्याने भिंत रंगवली त्यालाच उमजतो. संगणकावरही अक्षरांतलं अंतर मी त्याच सवयीने ठरवतो.

म्हणून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना सांगणं आहे: सॉफ्टवेअर शिकाच, पण एखादा पावसाळा जुन्या पेंटरच्या हाताखाली काढा. आणि गिऱ्हाईकांना विनंती: बोर्ड करायचा असेल तर मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर नंतर पाठवा, आधी जागा दाखवायला घेऊन चला.