संगणक थबकतो तेव्हा

समजा, तुम्ही शाळेचा प्रकल्प घरच्या संगणकावर लिहीत आहात. १७ पाने झाली आहेत. अचानक पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबतो. माऊस कितीही हलवा, काही होत नाही. घरातले कोणी म्हणते, "व्हायरस शिरला असेल." दुसरे म्हणते, "बटण दाबून बंद कर." पण हकीम नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. संगणकाचीही नाडी आधी पाहायला हवी.

बटणाकडे हात नेण्यापूर्वी कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा एकच प्रोग्रॅम अडकला आहे. एक-दोन मिनिटे थांबा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. तेथून तेवढाच प्रोग्रॅम बंद करता येतो. दिवा बदललाच नाही, तर मात्र सगळे यंत्र थबकले आहे. मग बटण काही सेकंद दाबून धरण्यावाचून उपाय उरत नाही. अशा वेळी न साठवलेले लेखन जाते, कारण ते रॅम नावाच्या स्मृतीत असते आणि वीज गेली की ही स्मृती कोरी होते. म्हणून लिहिता लिहिता कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय ठेवा.

असे वारंवार होत असेल, तर एक वही करा. संगणक केव्हा थांबला आणि त्या वेळी काय चालू होते, ते तिच्यात लिहा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९४७ साली मार्क २ हा संगणक अडला, तेव्हा त्याच्या एका रिलेत पतंग सापडला. तेथील लोकांनी तो पतंग नोंदवहीतच चिकटवून ठेवला!

तुमच्या वहीत 'सकाळी ठीक चालतो, खेळ खेळताना अर्ध्या तासाने बंद पडतो' अशी नोंद दिसली, तर उष्णतेचा संशय घ्या. काम करताना प्रोसेसर खूप तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या आणि पंखा असतो. पट्ट्या उष्णता ओढून घेतात व पंखा ती बाहेर लोटतो. पट्ट्यांमध्ये धूळ साचली, की हवा जात नाही. भिवंडी, मालेगाव यांसारख्या यंत्रमागांच्या गावांत तर हवेत कापसाचे तंतूही उडत असतात. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की बहुतेक प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतात. तरीही तापमान वाढतच राहिले, तर जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो.

टेबलावरचा संगणक साफ करताना मोठ्यांना सोबत घ्या. प्लग काढा, पेटीच्या उघड्या धातूला हात लावा, पंख्याचे पाते बोटाने धरा आणि मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. वीज पुरवणारी आतली डबी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

धूळ काढूनही संगणक थबकला, तर त्याला सेफ मोडमध्ये चालवून पाहा. त्यात अगदी गरजेचेच प्रोग्रॅम चालतात. तेथे तो नीट चालला, तर दोष बहुधा एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा असतो. अलीकडे नवीन काय घातले ते आठवा आणि ते काढा. तेथेही अडला, तर रॅमची तपासणी करा. त्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. एका वेळी एकच बदल करा. चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

एका लक्षणाला मात्र उशीर चालत नाही. फायली उघडायला फार वेळ लागू लागला आणि हार्ड डिस्कमधून टिक टिक असा आवाज येऊ लागला, तर सगळे प्रयोग थांबवा. पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. आधी तो प्रकल्प आणि घरचे फोटो पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या. दुरुस्ती नंतर करता येईल.